हाडं ओली हायेत तवर

जाफराबाद तालुक्यात मच्छिंद्रासारखा दुसरा मानूस दाखवा आन् रामरावाची मिशी उतरवून घ्या, एवढी साधी पैज हाये. आजपातूर कुनी घेतली न्हाई.

थोरले भाऊ रामराव सातवी पास, धाकला मच्छिंद्र चौथी नापास. पन गुनाला असा की उभ्या जन्मात त्यानं कुनाचं बोलनं मधी तोडलं न्हाई. समोरचा बोलून राह्यला की ह्यो गप. समोरच्याचं सरलं की मंग ह्यो तोंड उघडनार. हे वळन दुसऱ्या घरात शोभून दिसलं असतं. पन ज्या घरात रामराव हायेत, त्या घरात समोरच्याचं सरतच न्हाई. रामरावानं जाफराबादच्या स्टँडावर सुरू केलेली गोष्ट भोकरदनला उतरताना कुठं रंगात यायची. त्यामुळं मच्छिंद्राचा आवाज जाडा हाये का बारीक, हे गावातल्या निम्म्या लोकायला म्हाईतच नव्हतं.

शाळंत एक डाव गुरुजी एकोनतीसचा पाढा म्हनून राह्यलते आन् गुरुजीच्या टोपीवर इंचू. सगळ्या वर्गात तो दिसला एकट्या मच्छिंद्राला. त्यानं बोट वर केलं आन् थांबला. पाढा सरला. गुरुजी तिसात शिरले. बोट वरच. इंचू टोपीवरून कपाळावर उतरला तवा गुरुजीनं पाढा आपोआप सोडला.

"दिसला व्हता तं बोलला का न्हाईस रे?" म्हून गुरुजीनं सुजल्या कपाळानं त्याला धुतला.

"तुमी म्हनून राह्यलते ना, गुरुजी," मच्छिंद्र म्हनला.

असा मानूस. आता अशा मानसाचं लगीन कुठं लागावं? तं अंकुशनगरच्या रखमाजीच्या घरी.

रखमाजी म्हंजी साखर कारखान्याच्या गव्हानीवर, जिथं ऊस आत पडतो तिथं, उसाच्या गाड्या लावून घेनारा मुकादम. शंभर बैलं, तेवढेच गाडीवान आन् वर कारखान्याची घरघर, ह्या सगळ्यावरून आवाज काढायची त्याला सवय. घरात "चहा आन" म्हनला तरी शेजारचे चार जन उठून उभे राहायचे. लग्नात रामराव आन् रखमाजी समोरासमोर आले तवा बँडवाल्यानं बँड खाली ठेवला. म्हनला, आमची गरज दिसत न्हाई. दोघं बी मानपानाला पक्के. कुनाचा फेटा आधी बांधायचा, ह्यावर नवरदेव घोड्यावरच वाळला. मच्छिंद्र वरून सगळं ऐकून राह्यला व्हता. दोघायचं बोलनं सरायची वाट बघून राह्यला व्हता.

नवरी बेबीनंदा. ती बी बापाच्या आवाजाखाली वाढलेली, म्हून तिला खुनेनं बोलायची सवय. नवराबायकोचं लई जमलं. ती भुवई उचलायची, ह्यो समजून घ्यायचा. घरात दोघंच असले तं कुत्र्याला बी वाटायचं घर बंद हाये.

पुढं बेबीनंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपन माहेरचं, ही रीतच. सातव्या म्हैन्यात रखमाजी येऊन लेकीला घेऊन गेला. ही गोष्ट चौऱ्यान्नवच्या हिवाळ्यातली. कारखाना ऐन जोरात, सगळ्या अंकुशनगराला मळीचा वास, आन् तसल्यात एका सकाळी बेबीनंदाला पोरगी झाली.

पोरगी गोरीपान, जावळ काळं भोर, रडनं आज्याच्या वळनावर. पन नर्सबाईनं दुपटं बाजूला केलं आन् तशीच खाली वाकली. बेंबीच्या खाली पोट मिटलेलंच नव्हतं. तिथं लिंबाएवढं लालबुंद मांस उघडं, आन् त्यातून थेंब थेंब पानी झिरपून राह्यलं व्हतं. नर्सबाई हुशार. तिनं त्यावर स्वच्छ प्लास्टिक ओलं करून ठेवलं, कापड लावू दिलं न्हाई, आन् म्हनली, "जालन्याला न्या. आत्ताच्या आत्ता."

रखमाजीनं कारखान्यातल्या एका दोस्ताची जीप काढली आन् लेक, नात, बायको द्वारकाबाई ह्यायला घेऊन जालन्यात मस्तगडला लेकरायच्या डॉक्टरकडं आला. तिथूनच जाफराबादच्या एका किराना दुकानात फोन केला. दुकानदारानं फोन कानापासून हातभर लांब धरला तरी समद्या गिऱ्हाइकायला निरोप कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी रामरावानं कचरूची काळी-पिवळी जीप धरली आन् माय झुंबरबाई, मच्छिंद्र आन् भावकीतले मानसं भरून दुपारच्या आत मस्तगड गाठलं. एवढ्या जल्दी जाफराबादहून जालन्याला कोन येऊन दाखवतं?

डॉक्टरचं नाव देवानंद. अंगानं काडी, पन समजावून सांगायला चांगला. त्यानं मच्छिंद्राला आत बोलावलं. संग रामराव, रखमाजी आन् दोन्ही इहिनी बी आत घुसल्या. डॉक्टरची खुर्ची भिंतीला टेकली.

"लघवीची पिशवी पोटाच्या आत असते," डॉक्टर म्हनले. "ह्या बाळाची ती बाहेर उघडी राहिली आहे. आणि पुढची दोन हाडं, जी मधे जुळायला हवीत, ती दाराच्या दोन फळ्यांसारखी उघडी आहेत. ऑपरेशन करून पिशवी आत घालायची आणि दार लावायचं. औरंगाबादच्या सर्जनशी मी बोललोय. ते उद्या सकाळी करतायत. आज संध्याकाळपर्यंत बाळ तिथं पोचलं पाहिजे."

"उद्याच?" रामराव म्हनले. "डॉक्टरसाहेब, कालचं लेकरू हाये. जरा अंग धरू द्या. वरीसभर दूध पिऊन थोराड झाली की मंग कापा."

"आमचे इवाई बराबर बोलले," रखमाजी म्हनला. "ताकत आल्याबिगर कापाकापी नको."

दोघायचं एकमत व्हायची ही पहिलीच येळ. इहिनी एकमेकीकडं बघायला लागल्या.

"चूक," डॉक्टर म्हनले. "बाळंतपणासाठी आईचं अंग सैल होतं ना, तोच सैलपणा पहिले दोन-तीन दिवस बाळाच्या हाडात असतो. हाडं ओली असतात. आत्ता ती नुसती हातानं दाबून जुळतील. वर्षानं हाड कडक होईल, मग ते कापावं लागेल. आणि तोवर ती पिशवी उघड्यावर घासून घासून खराब होईल. मोठेपणी तिला कोरडं राहायचं असेल, चारचौघींत बसायचं असेल, तर आज हलवा. हाडं ओली आहेत तोवर."

आन् मच्छिंद्राच्या हातात त्यानं सलाइनच्या पान्याची बाटली दिली. "प्लास्टिक सुकू द्यायचं नाही. थोडं थोडं सोडत राहा. हे काम तुमचं."

मच्छिंद्रानं पोरीकडं बघितलं. मूठ आवळून निजलेली. नखं तांदळाच्या कनीएवढी. त्यानं वाकून थेंब सोडला. त्याच्या मनात तवाच बसलं की ह्या पोरीची हाडं वाळायच्या आत औरंगाबाद गाठायचं. मोठी झाल्यावर पोरी हिच्यापासून सरकून बसल्या न्हाई पाहिजेत. बास. जगातलं दुसरं काय बी त्याला आता दिसत नव्हतं.

तवर बाहेर दवाखान्याच्या पायरीवर सुरू झालं व्हतं.

"चला, आमची जीप उभी हाये," रखमाजी म्हनला.

"तुमची का म्हून?" रामराव म्हनले. "लेकरू आमच्या घरान्याचं. आमची जीप बी उभी हाये."

"पहिलं बाळंतपन माहेराचं असतं, इवाई. आमच्या दारात जे झालं ते निस्तरायचा मान आमचा. उद्या सगळी गव्हान म्हनल, रखमाजीच्या लेकीला अडचन आली आन् रखमाजीनं जीप दुसऱ्याला दिली."

"आन् सगळं जाफराबाद म्हनल, रामरावाची पुतनी दुसऱ्याच्या जीपमधी गेली! आमी काय मेलो?"

बघा, पोरगी व्हती. कुठं कुठं लोक पोरीला मागं सारत्यात म्हनत्यात. हितं दोन घरानी तिला न्यायचा मान सोडायला तयार नव्हती. असे लोक तुमाला दुसऱ्या जिल्ह्यात भेटायचे न्हाईत.

मच्छिंद्र पोरगी घेऊन दारात आला. त्याला म्हनायचं व्हतं, कोनत्या बी जीपमधी बसा. पन रखमाजी बोलून राह्यला व्हता. मच्छिंद्र थांबला. रखमाजीचं सरायच्या आत रामरावानं उचललं. मच्छिंद्रानं प्लास्टिकवर थेंब सोडला.

मंग झुंबरबाई मधी पडली. "भांडू नका रे. आधी इवायांचा मान करा. ते आपल्या लेकरासाठी कालपासून पळून राह्यले. त्यायला फेटा बांधला का कुनी?"

हे बाकी खरं व्हतं. रामरावाला एकदम वरमल्यासारखं झालं. इवाई भेटले आन् फेटा न्हाई! समोरच कापडाचं दुकान. फेटे आले. रामरावानं रखमाजीला फेटा बांधला, नारळ दिला. आता रखमाजी का मागं ऱ्हातो? त्यानं बी फेटे मागवले. रामरावाला बांधला, भावकीला बांधले, मच्छिंद्राला बांधला. मच्छिंद्रानं मान न हलवता पोरीवर थेंब सोडला. कंपाउंडरला बांधला. कचरू डायव्हरला बांधला. डॉक्टर "अहो, काय चाललंय?" म्हून बाहेर आले, त्यायला बी बांधला. डॉक्टर फेट्यातच तपासायला आत गेले. आतल्या पेशंटाला वाटलं साहेबाचं आज लगीन हाये.

तिथंच पायरीवर एक म्हातारा मानूस पिशवी घेऊन उभा व्हता. सर्जेराव नाव त्याचं. बदनापूरला लेकीकडं चालला व्हता, जीपची वाट बघून राह्यला व्हता. त्याला बी फेटा बसला. रामरावाला वाटलं, रखमाजीकडचा कुनी वडीलधारा असल. रखमाजीला वाटलं, रामरावाचा चुलता असल. म्हाताऱ्याला वाटलं, बदनापूरला जायची ही नवी पद्धत असल. त्यानं नारळ पिशवीत घातला.

"आता जेवनाचं बघा," द्वारकाबाई म्हनली. "इहीनबाई उपाशी जायच्या न्हाईत."

"अहो, आमी जेवून आलो," झुंबरबाई म्हनली.

"मंग आमच्या हातचं कवा खानार? तुमी न्हाई खाल्लं तं मी बी न्हाई खानार."

"तसं असल तं आमचं खा. आमी धपाटे आनलेत."

"आधी आमचं."

"न्हाई न्हाई, आधी आमचं."

डॉक्टर दुसऱ्यांदा बाहेर आले. "तुम्ही अजून इथंच?" म्हनून ओरडले. पन ओरडन्यात काय दम नव्हता. एक तं अंगानं काडी, त्यात डोक्यावर फेटा.

डॉक्टरचा पाराच चढला तवा रखमाजीच्या दोस्ताची जीप बघायला गेले. जीप नव्हती. दोस्ताची ड्यूटी लागायची व्हती, तो कवाच अंकुशनगरला परत गेल्ता. आता राहिली कचरूची. कचरूची जीप बी जाग्यावर नव्हती! धुंडाळलं, तं ती कोपऱ्यावर औरंगाबादच्या जीपायच्या नंबरात लागलेली. कचरू म्हनला, "मी काय करू? गाडी सवयीनं तिकडंच सरकती."

"चला मंग इवाई, आमच्या जीपमधी बसा," रामराव म्हनले. त्यायची मान आता ताठ झाली व्हती.

रखमाजी पडलेल्या आवाजात, म्हंजी तुमच्या आमच्या मोठ्या आवाजात, म्हनला, "बसू. पन पुढं तुमी बसा. जीप तुमची."

"पुढं पाव्हना बसतो. तुमी बसा."

"तुमी थोरले."

"तुमी पोरीचे बाप."

"मी पुढं बसलो तं लोक म्हनतील, दुसऱ्याच्या गाडीत पुढं बसला."

"आन् मी बसलो तं म्हनतील, इवाई मागं टाकला!"

म्हून मंग कुनीच बसंना. पुढचं सीट रिकामं, मधलं रिकामं, मागचं रिकामं. सगळे फेटेवाले जीपच्या भवती उभे आन् एकमेकायला दंडाला धरून आत ढकलून राह्यले. ज्याला ढकललं तो दुसऱ्या दारानं बाहेर येऊन परत ढकलनाऱ्यात सामील. जानारे येनारे थांबून बघायला लागले. एकानं इचारलं, "वरात हाये का?" दुसरा म्हनला, "न्हाई, नवरी दिसत न्हाई."

"आन् गाडी भरल्याबिगर मी हलनार न्हाई," कचरू स्टेरिंगवर हनुवटी टेकून म्हनला. "नंबरात लागलोय. कायदा हाये स्टँडाचा."

ऊन उतरायला लागलं व्हतं. मच्छिंद्र पोरीला घेऊन उभा. बाजूला बेबीनंदा भिताडाला टेकून, कालची ओली बाळंतीन, तोंड उतरलेलं. त्यानं तोंड उघडलं. रामराव बोलून राह्यले व्हते. मिटलं. परत उघडलं. रखमाजी बोलून राह्यला व्हता. मिटलं. मंग त्यानं बाटली उभी धरून बघितली. पानी तळाला आलं व्हतं. बेबीनंदानं नवऱ्याकडं बघितलं आन् भुवई उचलली. आजपातूर त्या भुवईचा अर्थ चहा, बंब न्हाई तं दार लावा असा काय तरी असायचा. आज त्या भुवईत जे व्हतं ते मच्छिंद्राला सोसलं न्हाई.

त्यानं आधी बायकोला मधल्या सीटवर बसवलं. पोरगी तिच्या मांडीवर आन् बाटली तिच्या हातात दिली. मंग जीपच्या मागच्या पायरीवर चढला, एका हातानं टपाचा गज धरला, दुसऱ्या हातानं पत्र्यावर थाड थाड मारलं, आन् उभ्या जन्मात दाबून ठेवलेला आवाज सोडला:

"औरंगाबाद, औरंगाबाद, औरंगाबाद! एकच सीट! एऽऽकच सीट ऱ्हायली! सुटली, सुटली, सुटली!"

अहो, आवाज तं असा की मस्तगडावरची कबुतरं उठली. रखमाजीनं गव्हानीवर अख्खी हयात घातली, पन त्यानं बी मागं वळून बघितलं. आन् तुमी आपल्या भागातल्या मानसाला वळखता. त्याला मान द्या, तो नको म्हनल. जेवन द्या, नको म्हनल. पन "एकच सीट" म्हना, त्याची अक्कल मागं ऱ्हाती आन् अंग आधी आत जातं. रामरावानं उडी घेतली. रखमाजीला वाटलं शेवटचं सीट रामरावानं मारलं, तो त्यायच्या अंगावरूनच पुढं घुसला. झुंबरबाई खिडकीतून आली. द्वारकाबाई तिच्या पाठोपाठ, धपाट्याच्या गठुड्यासकट. भावकी टपावर. सर्जेराव म्हातारा तं सगळ्यात आधी बसला व्हता. असं सीट त्यानं जन्मभर कवाच सोडलं नव्हतं.

"भरली!" मच्छिंद्रानं पत्र्यावर हात मारला. कचरूनं गेर टाकला.

जीप सुटली तवा पुढच्या एका सीटवर रामराव, रखमाजी आन् कचरू. कचरूचं निम्मं अंग बाहेर. कोन पुढं बसला, हा प्रश्न संपला, कारन दोघं बी एकमेकाच्या मांडीवर व्हते. फेटे एकमेकात असे गुतले की एकाची मान वळली तं दुसऱ्याची बी वळायची.

बदनापूर आलं. सर्जेराव म्हनला, "थांबवा, माझं गाव."

"गाडी थेट हाये!" मच्छिंद्र मागून ओरडला. एकदा फुटलेला आवाज आता आत जायना.

"न्हाई पन माझी लेक..."

"माझी बी लेकच हाये, बाबा!"

म्हाताऱ्यानं बाजूला बसलेल्या बेबीनंदाच्या मांडीवर बघितलं. दुपटं बाजूला झालेलं, प्लास्टिकखाली लाल दिसून राह्यलं. तो परत पुढं तोंड करून बसला आन् कचरूला म्हनला, "थांबू नको रे. ह्यो मानूस म्हनतो तसं कर."

दिवे लागायच्या आधी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. मोठे डॉक्टर वाटच बघून राह्यले व्हते. जीपमधून एकामागून एक फेटे उतरताना बघून ते दोन पावलं मागं सरले. म्हनले, "बाळ कुठंय? आणि बाळाचं कोण?"

"मी!" रामराव म्हनले.

"मी!" रखमाजी म्हनला.

"जबाबदार एकच पाहिजे. ऑपरेशनला संमती कोण देणार?"

परत सुरू व्हनार व्हतं. रामरावानं छाती भरून घेतली, रखमाजीनं बी घेतली. तेवढ्यात दोघायच्या मनात एकदमच आलं की समोरच्याचा वडीलधारा संग हाये, त्याच्या समोर वावगं नको. दोघं बी सर्जेरावाकडं वळले.

"तात्या, तुमीच सांगा," रामराव म्हनले.

"बाबा, तुमचा शब्द शेवटचा," रखमाजी म्हनला.

सर्जेरावानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बाप उभा हाये ना," तो म्हनला. "बापाला इचारा. आन् मला कुनी तरी बदनापूरची गाडी दाखवा."

मच्छिंद्रानं सही केली. दोन्ही घरायनं "म्हाताऱ्यानं काय न्याव केला!" म्हून माना डोलवल्या आन् त्याला औरंगाबादच्या स्टँडावर दोघायनं मिळून पोचवलं. तो कुनाचा, हे त्यायला दुसऱ्या म्हैन्यात कळलं. तवर त्याला दोन्ही घरचं बारशाचं आवतन गेलं व्हतं, आन् तो आलता बी.

सकाळी आपरेशन झालं. लई येळ चाललं. व्हरांड्यात सगळे बसून. तिथं मातर कुनी बोललं न्हाई. रखमाजी सुद्धा न्हाई. दवाखान्यातल्या लोकायला ही मंडळी मुकी वाटली.

मोठे डॉक्टर बाहेर आले ते मच्छिंद्राकडंच. त्यायनं आपले दोन्ही तळवे समोर धरले आन् हळूहळू जवळ आनून जुळवले. "अशी आली हाडं. नुसती दाबून. कापायची गरज पडली नाही. पिशवी आत गेली, दार लागलं. आता पाय बरेच दिवस एकत्र बांधून ठेवायचे. फाकू द्यायचे नाहीत."

मच्छिंद्रानं डॉक्टरच्या तळव्यायकडं बघितलं. सोताचे दोन तळवे तसेच जुळवले. मंग ते सोडायचेच विसरला. बेबीनंदानं येऊन त्याच्या हातात चहाची कपबशी ठेवली तवा सुटले.

पोरीला उसाच्या मोळीसारखं बांधून ठेवलं व्हतं. कमरंखालून एक गठुडं, वरून रडनारं तोंड. रखमाजी येऊन बांधलेलं बघायचा आन् म्हनायचा, "मोळी चांगली बांधलीय. कारखान्यात नापास झाली नसती." घरी न्यायच्या येळंला डॉक्टरनं सांगितलं, की ही पहिली पायरी झाली. पिशवी आत गेली, पन लघवी धरून ठेवायची ताकत तिला अजून न्हाई. ती गळतच ऱ्हानार. त्यासाठी दुसरं आपरेशन लागंल.

"कवा?" दोघं इवाई एकदमच म्हनले.

"पोरगी चार-पाच वर्षांची झाली की. पिशवी वाढू द्या आधी."

आता बघा, ह्या लोकायला जल्दी शिकवली कुनी? डॉक्टरनंच. हाडं ओली हायेत तवर, हाडं ओली हायेत तवर, हे रामरावाच्या डोक्यात असं बसलं की ते जाफराबादच्या बाजारात वांगे घेताना बी म्हनायचे. दुसऱ्या म्हैन्यात दोन्ही घरं कचरूची जीप भरून परत औरंगाबादला हजर. ह्या येळंला मानपान न्हाई, भांडन न्हाई, पाहटेच निघालेले.

"काय झालं?" मोठे डॉक्टर घाबरून बाहेर आले.

"काय न्हाई. दुसऱ्या आपरेशनाला आलो," रामराव म्हनले. "उशीर नको."

"अहो, मी चार वर्षांनी म्हणालो होतो!"

"तुमी सांगितलं चार वर्षं, पन आमाला आमच्या लोकायचा भरवसा न्हाई," रखमाजी म्हनला. "आधी येऊन बसलेलं बरं. आमी बसतो. तुमी तुमचं काम करा."

ते खरंच बसले. दुपारी डॉक्टरनं मच्छिंद्राला बोलवून घेतलं, समजावलं. पहिल्याची येळ ओल्या हाडाची व्हती, दुसऱ्याची येळ वाढलेल्या पिशवीची. ते आधी केलं तरी बिघडल, नंतर केलं तरी बिघडल. मच्छिंद्रानं ऐकलं. बाहेर येऊन त्यानं दोघायला फक्त एवढंच सांगितलं, "दादा, मामा, उठा. येळ झाली की मी हाक मारीन." त्याचा आवाज लोकायनं ऐकलेला व्हता. उठले.

पोरीचं नाव सगुणा ठेवलं, पनजीचं. ती चालायला लागली, बोलायला लागली. बोलन्यात दोन्ही घरानी उतरली. पन चड्डी कायम ओली. बेबीनंदा दिवसभर फडके धुवायची, मच्छिंद्र वाळू घालायचा. सगुणा घरातून लांब जायची न्हाई. दुसऱ्या पोरी खेळायला आल्या की ती पायरीवर बसूनच हुकूम सोडायची. रामराव म्हनायचे, "पुढारी व्हनार ही, बसल्या जाग्यावरून गाव हलवती."  पोरी गेल्या की मच्छिंद्र पायरीवरची ओली जागा फडक्यानं पुसून घ्यायचा.

नव्व्यान्नव साली मच्छिंद्रानं हाक मारली. दुसरं आपरेशन झालं. नळ्या निघाल्या, सुई-दवा झाली, शिकवून शिकवून पोरगी धरायला शिकली. आधी थोडा येळ, मंग जरा जास्ती, मंग जेवन व्हईपातूर. जवा ती एक अख्खं कीर्तन बसून कोरडी उठली तवा झुंबरबाईनं बुवाच्या पायाआधी तिचीच दृष्ट काढली.

पुढच्या जूनात तिला जाफराबादच्या शाळंत घातली. पहिल्या दिवशी मच्छिंद्र तिला सोडून निघाला. कोपऱ्यापातूर गेला आन् परत आला. शाळंच्या तारंच्या कुंपनाला धरून उभा ऱ्हायला. मधली सुट्टी व्हईपातूर ती बसंल का? बसली तं ओली व्हईल का? पोरी सरकतील का? त्यानं खिडकीतून बघितलं, तिसऱ्या रांगंत तिची लाल रिबीन दिसून राह्यली व्हती. दोन्हीकडं पोरी. अगदी चिकटून.

जरा येळानं त्याच्या बाजूला तार हलली. रामराव. "इकडून चाललो व्हतो," ते म्हनले. शेताकडं जायची वाट दुसऱ्याच दिशेला व्हती. मंग एसटीतून उतरून रखमाजी आला. अंकुशनगरहून. "सहजच आलो," म्हनला. त्याच्या सहजनं दोन वर्गायचं शिकवनं थांबलं.

"इवाई, हळू," रामराव म्हनले.

"मी हळूच बोलून राह्यलो," रखमाजी म्हनला.

"पहिल्या दिवशी पोरीला सोडायचा मान आजोळचा असतो म्हनत्यात," तोच पुढं म्हनला.

"कोन म्हनतं? चुलत्याचा असतो."

मच्छिंद्र रिबिनीकडं बघून राह्यला व्हता.

घंटा झाली. पोरी सांडल्यासारख्या बाहेर आल्या. सगुणा त्यायच्यात, पळत, फ्रॉक उडून राह्यला, मागून बघितलं तरी कोरडा ठन. ती खो-खोच्या खांबापातूर गेली, आन् तिथून तिला कुंपनापाशी तिघं दिसले. ती कमरंवर हात ठेवून उभी ऱ्हायली आन् तिनं तिथूनच आवाज टाकला:

"बाबा! काका! आजोबा! घरी जा ना तुमी! पोरी हासून राह्यल्या!"

आन् त्यायचं उत्तर ऐकायला ती थांबली न्हाई. खेळात गेली.